पाठ : स्वस्तातली रेकॉर्ड आणि तिची गोष्ट



इथल्या चॅरिटी शॉपमध्ये किंवा रविवारच्या कार बूट सेलमध्ये जुन्या रेकॉर्डींचा एखादा खोका हमखास दिसतो. येणारे-जाणारे तो वरवर चाळतात आणि पुढे जातात. पौंड-दोन पौंडांची वस्तू, तिच्याकडे कोण लक्ष देणार? पण अशाच खोक्यांतून कधीकधी मोठ्या गोष्टी निघाल्या आहेत. त्या कशा ओळखायच्या, हा आजचा पाठ.

१. एकाच वस्तूची तीन नावे

आजी-आजोबा म्हणतात ‘रेकॉर्ड’, पुस्तकात ‘ध्वनिमुद्रिका’ लिहितात, आणि आकारावरून तिला ‘तबकडी’ म्हणतात. मराठीत ती स्त्रीलिंगी आहे : ती रेकॉर्ड, माझी रेकॉर्ड. रेकॉर्ड हातातून पडली तर ‘फुटली’ म्हणायचे. खेळातले रेकॉर्ड म्हणजे विक्रम. तो मात्र ‘मोडतात’.

या वस्तूने आपल्या बोलण्यातही जागा मिळवली आहे. कुणी तेच तेच बोलू लागले की आपण म्हणतो, ‘याची पिन अडकली’ किंवा ‘पुन्हा तीच रेकॉर्ड लावली!’ ज्या मुलांनी कधी ग्रामोफोन पाहिला नाही, तीही हे बोलतात.

२. फुटणारी आणि न फुटणारी

बहुतेक जुन्या तबकड्या मिनिटाला सुमारे ७८ फेरे घेतात. त्यांत शेलॅक असते. शेलॅक म्हणजे शुद्ध केलेली लाख. महाभारतातले लाक्षागृह आठवते ना? तीच लाख. कुसुम, पळस, बोर अशा झाडांवर लाखेचे किडे ती तयार करतात, आणि जगाला लाख पुरवणारा मोठा देश भारत होता. म्हणजे लंडनच्या घरात वाजणाऱ्या इंग्रजी गाण्याच्या तबकडीतही भारतातल्या झाडावरची लाख असू शके!

७८ च्या दहा इंची तबकडीवर एका बाजूला जेमतेम तीन-साडेतीन मिनिटे मावत. तासभर राग रंगवणाऱ्या गवयांना तेवढ्यातच सारे बसवावे लागे. १९४८ मध्ये अमेरिकेत लाँग प्ले तबकडी आली. ती व्हिनाइल या प्लास्टिकची, मिनिटाला ३३⅓ फेरे घेणारी. एका बाजूला वीस मिनिटांहून जास्त संगीत मावू लागले आणि पडली तरी ती सहसा फुटत नसे.

ब्रिटनमध्ये १९६० च्या सुमारास ७८ च्या तबकड्या बंद झाल्या. भारतात मात्र चावी देऊन चालणारे ग्रामोफोन अनेक घरांत होते, त्यामुळे तिथे त्या पुढेही निघत राहिल्या. म्हणून बीटल्सची गाणीसुद्धा भारतात ७८ वर निघाली! आज त्या तबकड्या संग्राहक शोधत फिरतात.

३. नाव सांगणारी गायिका

१९०२ मध्ये फ्रेड गैसबर्ग हा ध्वनिमुद्रक कलकत्त्याला आला. तिथे त्याने गौहर जान या नामवंत गायिकेचे गाणे मुद्रित केले. गाणे संपता संपता तिने इंग्रजीत स्वतःचे नाव सांगितले. का बरे? त्या वेळी मुद्रणानंतर तबकड्या जर्मनीतल्या हॅनोव्हरला तयार होत. तिथल्या कारागिरांना आपली भाषा येत नव्हती. नाव ऐकू आले की योग्य लेबल लावता येई. १९०८ मध्ये कलकत्त्यातच कारखाना निघाला. जुन्या तबकडीच्या शेवटी असा आवाज ऐकू आला, तर त्यामागे एवढा लांबचा प्रवास आहे हे लक्षात ठेवा.

४. दहा राग, एक डिस्को ताल

चरणजित सिंग हे मुंबईच्या हिंदी चित्रपटसंगीतातले वादक. १९८२ मध्ये डिस्कोची लाट होती. त्यांनी ललत, तोडी, यमन, मालकंस असे दहा राग घेतले आणि ते जपानी यंत्रांवर, डिस्कोच्या ठेक्यावर वाजवले. त्यांतले एक यंत्र होते रोलँड टीबी-३०३. एका स्वरावरून दुसऱ्या स्वरावर घसरत जाण्याची सोय त्यात होती. आपल्या संगीतात यालाच मींड म्हणतात. रागाला ते यंत्र शोभले, पण गिऱ्हाइकांना रेकॉर्ड भावली नाही. ती खपली नाही आणि विसरली गेली.

ते यंत्रही बाजारात पडले. १९८४ मध्ये त्याचे उत्पादन थांबले. जुन्या बाजारात ते स्वस्तात मिळू लागले, म्हणून शिकागोच्या तरुण वादकांनी ते घेतले. त्यातून १९८७ मध्ये ‘ॲसिड हाऊस’ नावाच्या नाचाच्या संगीताची पहिली गाजलेली रेकॉर्ड निघाली.

२००२ मध्ये एडो बौमन या डच संग्राहकाला दिल्लीत चरणजितजींची रेकॉर्ड सापडली. ती ऐकून तो चकित झाला : शिकागोच्या पाच वर्षे आधी हे मुंबईत? २०१० मध्ये ती पुन्हा प्रसिद्ध झाली, तेव्हा कित्येकांना ही कुणाची तरी थट्टाच वाटली. पण ती खरी होती. चरणजितजींनी उतारवयात युरोपात कार्यक्रम केले. २०१५ मध्ये ते वारले. रेकॉर्ड सापडली तेव्हा ते हयात होते, म्हणून तिची गोष्ट त्यांच्याच तोंडून ऐकता आली. आणखी पंधरा वर्षे उशीर झाला असता तर?

५. रेकॉर्ड कशी वाचावी

वेष्टनावरचे चित्र पाहून थांबू नका. (अ) लेबलावर गायक, संगीतकार आणि कवी यांची नावे वाचा. (आ) तबकडीचा क्रमांक वहीत उतरवा. (इ) गाणे संपल्यावर लेबलापर्यंत जो गुळगुळीत भाग असतो, तो उजेडात तिरका धरा. कारखान्यात कोरलेली अक्षरे दिसतील. (ई) वेष्टनावर शाईने लिहिलेले नाव, तारीख, ‘सप्रेम भेट’ असे काही आहे का पाहा. धरताना कडेला धरा, खाचांना बोट लावू नका.

६. आपल्या घरातला खोका

आपल्यापैकी अनेकांच्या माळ्यावर नाट्यगीतांच्या, भावगीतांच्या, अभंगांच्या रेकॉर्डी आहेत. घर बदलताना त्याच खोक्यावर आधी गदा येते. रेकॉर्ड दुसरीकडे कदाचित मिळेलही. पण ती कुणी, कुठून आणली, परदेशी येताना मोजक्या सामानात तिलाच का जागा दिली, हे लेबलावर छापलेले नसते. ते सांगणारी माणसे घरात आहेत तोवर विचारून घ्या, आणि मराठीतच विचारा.

शब्दार्थ
खाच – तबकडीवरची बारीक रेघ, जिच्यातून सुई फिरते
वेष्टन – वरचे आवरण, कव्हर
माळा – छताखालची सामान ठेवण्याची जागा
गदा येणे – संकट येणे

स्वाध्याय
१. ‘फुटणे’ आणि ‘मोडणे’ वापरून प्रत्येकी दोन वाक्ये लिहा.
२. गौहर जानने आपले नाव का सांगितले? तीन वाक्यांत उत्तर द्या.
३. टीबी-३०३ हे यंत्र रागाला का शोभले?
४. घरातली किंवा ओळखीच्यांकडची एक रेकॉर्ड निवडा. तिची गोष्ट मोठ्यांना विचारून दहा ओळींत लिहा आणि पुढच्या वर्गाला घेऊन या. रेकॉर्ड मात्र घरीच ठेवा!