सभागृहाची किल्ली कोणाकडे? (नागरिकशास्त्र : गावाचा पैसा, गावाची जागा)



सहावीच्या नागरिकशास्त्रात ग्रामीण स्थानिक शासन संस्थांचा पाठ आहे. आपण तो दोन तासिकांत उरकतो, खरं सांगायचं तर. सरपंच, ग्रामसभा, पंचायत समिती, जिल्हा परिषद. मुलं रिकाम्या जागा भरतात, जोड्या लावतात, झालं. गेल्या वर्षी मात्र माझ्या वर्गातल्या एका मुलीने हा पाठ अडवून धरला. शाळेच्या वाटेवर पाड्याचं सामाजिक सभागृह आहे. पत्रे चांगले, भिंती चांगल्या, दाराला कायम कुलूप. खिडकीतून डोकावलं की सिमेंटच्या रिकाम्या गोण्या आणि कोणाचा तरी चारा दिसतो. तिने विचारलं, "गुरुजी, सभागृह गावाचं आहे ना? मग कुलूप कोणाचं?"

उत्तर मला आलं नाही. पण त्या प्रश्नामुळे दोन तासिकांचा पाठ पंधरा दिवस चालला. तो कसा घेतला ते इथे लिहितोय. तुमच्या गावातही असं एखादं सभागृह, व्यायामशाळा किंवा वाचनालयाची खोली असेलच.

आधी सगळ्यांना घेऊन सभागृहापाशी गेलो. दाराशेजारच्या फलकावर कामाचं नाव, लेखाशीर्ष, रक्कम आणि उद्घाटन करणाऱ्यांची नावं होती. मुलांनी सगळं वहीत उतरवलं. नावांची यादी सगळ्यात लांब, हे त्यांच्या लगेच लक्षात आलं. पण मला हवा होता तो "२५१५" हा आकडा. कोणी म्हणे ते वर्ष, कोणी म्हणे सभागृहाचा नंबर. ते शासनाचं लेखाशीर्ष आहे. म्हणजे सरकारच्या वहीतलं ते पान, ज्यावर हा खर्च मांडला जातो. लोकप्रतिनिधींनी सुचवलेल्या गावांतर्गत मूलभूत सुविधांची कामं ग्रामविकास विभाग या शीर्षाखाली मंजूर करतो. सभामंडप, सभागृह, काँक्रीट रस्ता, गटार ही त्यातली नेहमीची कामं. आपल्या गावातले निम्मे फलक याच आकड्याचे निघतील.

इथे मुलांना एक फरक नीट समजावा लागतो, आणि मोठ्यांनाही लागतो बरं का. घर बांधणं वेगळं आणि घर चालवणं वेगळं. विटा, सिमेंट, पत्रा यांचा खर्च एकदाच होतो आणि त्यातून वस्तू उभी राहते. हा भांडवली खर्च. वीजबिल, झाडलोट, तुटलेली कडी, दोन वर्षांनी रंग हा खर्च दर महिन्याला, दर वर्षाला येतो. सभागृहासाठी मिळणारा पैसा जवळजवळ सगळाच पहिल्या प्रकारचा असतो. दुसऱ्यासाठी वेगळा पैसा कोणी पाठवत नाही. तो गावाने घरपट्टी, पाणीपट्टी, दिवाबत्ती करातून काढायचा. आता धडगाव-अक्कलकुवा भागातल्या एखाद्या छोट्या ग्रामपंचायतीची घरपट्टी ती किती जमणार? कुलपाचं अर्धं उत्तर इथेच आहे.

मग आम्ही फळ्यावर प्रश्न लिहिला : गावात समाजाच्या कामाची जागा बांधायची असेल तर पैसा कुठून येऊ शकतो?

मुलांनी पहिलं नाव घेतलं वित्त आयोगाचं, कारण घरात तो शब्द त्यांच्या कानावर पडतो. १५व्या वित्त आयोगाचा कालावधी २०२०-२१ ते २०२५-२६. आपल्या राज्यात या पैशातला ८० टक्के वाटा ग्रामपंचायतीला, १० टक्के पंचायत समितीला आणि १० टक्के जिल्हा परिषदेला ठरवला गेला. त्यातही बंधित आणि अबंधित असे दोन कप्पे. पहिलं वर्ष सोडलं तर ६० टक्के बंधित, म्हणजे पाणी आणि स्वच्छतेवरच खर्चायचा. उरलेला ४० टक्के गावाच्या गरजेप्रमाणे, पण पगारावर नाही. इथे गणिताचा तास जोडता येतो. समजा एका ग्रामपंचायतीला वर्षाला १२ लाख रुपये आले. बंधित ७ लाख २० हजार, अबंधित ४ लाख ८० हजार. समजा सभागृहाचं अंदाजपत्रक १५ लाखांचं आहे. मुलांनी भागाकार केला आणि सांगितलं, तीन वर्षं दुसरं काहीच करायचं नाही, तरी ६० हजार कमी पडतात. म्हणून मग माणसं आमदारांकडे, खासदारांकडे, जिल्ह्याला जातात. ती का जातात हे मुलांना आकड्यांवरून समजलं. नाहीतर आपण त्यावर "राजकारण" एवढा एकच शब्द टाकून मोकळे होतो.

आपल्या जिल्ह्यात आणखी दोन वाटा आहेत, आणि त्या पुस्तकात फारशा सापडत नाहीत. एक म्हणजे आदिवासी विकास विभागाची ठक्कर बाप्पा आदिवासी वस्ती सुधारणा योजना. आदिवासी वस्तीतले रस्ते, गटारं, पाणी, समाजमंदिर अशी कामं त्यातून होतात. दुसरी म्हणजे पेसाचा ५ टक्के अबंध निधी. नंदुरबार जिल्हा १ जुलै १९९८ रोजी धुळ्यातून वेगळा झाला. २०११च्या जनगणनेप्रमाणे इथले दर १०० पैकी जवळपास ६९ लोक अनुसूचित जमातींचे. नवापूर, तळोदा, अक्कलकुवा आणि अक्राणी हे तालुके पूर्ण अनुसूचित क्षेत्रात आहेत, नंदुरबार आणि शहादा अंशतः. पेसा कायदा १९९६चा, महाराष्ट्राचे नियम २०१४चे. आणि २१ एप्रिल २०१५च्या शासन निर्णयाने आदिवासी उपयोजनेतला ५ टक्के निधी या क्षेत्रातल्या ग्रामपंचायतींना थेट द्यायचं ठरलं. तो लोकसंख्येच्या प्रमाणात येतो आणि कशावर खर्चायचा हे ग्रामसभेने ठरवायचं. त्याचे विषय चार : पायाभूत सुविधा, वनहक्क आणि पेसाची अंमलबजावणी, आरोग्य, स्वच्छता, शिक्षण, आणि वन-जलसंवर्धनाशी जोडलेली कामं.

"लोकसंख्येच्या प्रमाणात" हे शब्द ऐकून एका मुलाने हात वर केला. "आमचा पाडा बारीक आहे. मग आमचं काय?" योग्यच विचारलं. ग्रामपंचायत एक, पाडे चार-पाच, मधे ओढा आणि चढ. सभागृह मोठ्या गावात झालं तर लहान पाड्याच्या म्हातारीला त्याचा उपयोग शून्य. पेसाच्या नियमांत पाड्याला स्वतंत्र गाव म्हणून घोषित करून घेण्याची तरतूद आहे, आणि मग त्याची ग्रामसभाही स्वतंत्र. पालकांनी ही गोष्ट माहीत करून घ्यावी असं मला फार वाटतं.

जागेचा प्रश्नही याच ओघात येतो. सातपुड्यातल्या गावांत "जागा वनखात्याची आहे" म्हटलं की चर्चा थांबते. वनहक्क कायदा २००६ मधल्या कलम ३(२) मध्ये १३ सुविधांची यादी आहे. शाळा, दवाखाना, अंगणवाडी, रास्त भावाचं दुकान, पाण्याचे तलाव, रस्ते, आणि शेवटचं नाव समाजकेंद्राचं. प्रत्येक कामाला एक हेक्टरपेक्षा कमी वनजमीन लागत असेल आणि हेक्टरी ७५ पेक्षा जास्त झाडं तोडावी लागणार नसतील, तर ती जमीन मिळू शकते. अट एक : ग्रामसभेची शिफारस हवी. म्हणजे शिफारशीचा कागद गावातच तयार होतो.

आता मला या पाठातला सगळ्यात आवडलेला भाग. तळोदा-शहादा तालुक्यांतल्या शिक्षकांनी तो जरूर घ्यावा. सरदार सरोवरामुळे महाराष्ट्रातली ३३ गावं बाधित झाली, अक्कलकुव्यातली ९ आणि अक्राणीतली २४. त्यातली बरीच कुटुंबं सोमावल, रोझवा, तऱ्हावद अशा वसाहतींत आली. नव्या वसाहतीत काय काय असावं, हे नर्मदा पाणी तंटा लवादाच्या १९७९च्या अंतिम निवाड्यात आकड्यांनिशी लिहिलेलं आहे. १०० कुटुंबांमागे तीन खोल्यांची प्राथमिक शाळा. ५०० कुटुंबांमागे एक पंचायतघर, एक दवाखाना, एक बियाणं कोठार, एक बालोद्यान, एक तळं. ५० कुटुंबांमागे हौदासह एक विहीर. १०० कुटुंबांमागे एक पूजास्थान. आणि ५० कुटुंबांमागे झाडाभोवतीचा एक पार! पुनर्वसनाचा खर्च गुजरातने द्यायचा.

कोर्टकचेरीच्या कागदात पाराची गणती असू शकते, याचं मुलांना भारी नवल वाटलं. त्यांना विचारलं, ५० घरांना पार कशाला हवा? उत्तरं धडाधड आली. भांडण मिटवायला, लग्न ठरवायला, आजोबांना बसायला, बसची वाट बघायला. सामाजिक सुविधा म्हणजे काय, याची व्याख्या मला सांगावीच लागली नाही.

मग उलटं गणित दिलं. वसाहतीत १८० कुटुंबं असतील तर किती विहिरी, किती पार, किती पंचायतघरं? विहिरी ३.६ येतात. ३ बांधायच्या की ४? पंचायतघर तर अर्धंसुद्धा येत नाही. म्हणजे १८० कुटुंबांनी सभा उघड्यावर घ्यायची का? मोजमाप लिहून ठेवलं की मागणी करायला आधार मिळतो, आणि त्याच मोजमापात लहान वस्ती गाळली जाते. दोन्ही खरं आहे. आणि यादीत पाहिलंत तर सगळ्या बांधायच्या वस्तू आहेत. बालोद्यान झाडायचं कोणी, पंचायतघराचा दिवा कोणी लावायचा, ही ओळ यादीत नाही. ती आमच्या पाड्याच्या फलकावरही नव्हती.

ही ओळ कुठेच नसते असं मात्र नाही. खासदार निधी वर्षाला ५ कोटींचा. त्याच्या मार्गदर्शक सूचनांमध्ये म्हटलं आहे की काम मंजूर करण्याआधी, ते वापरणाऱ्या संस्थेकडून चालवण्याची आणि देखभालीची पक्की हमी जिल्हा प्रशासनाने घ्यायची. पूजास्थळाच्या आवारातली कामं त्या निधीतून होत नाहीत, हेही तिथेच आहे. देखभालीचा हा एक नियम प्रत्येक ग्रामसभेने आपल्या प्रत्येक बांधकामाला लावला तर निम्मी कुलुपं निघतील, असा माझा अंदाज. पहिली वीट लावायच्या आधी इतिवृत्तात तीन नावं हवीत : किल्ली कोणाकडे, बिल कोण भरणार, झाडणार कोण.

आणि दरवेळी इमारतच हवी असंही नाही. काठीची राजवाडी होळी आपल्या सगळ्यांच्या ओळखीची. रात्रभर ढोल, मोरपिसांचे टोप, कमरेला घुंगरं, पहाटे होळी पेटते. हजारो माणसं मोकळ्या मैदानावर उभी असतात. तिथे सभागृह बांधून काय करणार? तिथे हवं पिण्याचं पाणी, बायकांसाठी स्वच्छतागृह, उजेड, आणि मैदान मैदानच राहील याची काळजी. एका विद्यार्थ्याने लिहिलं, "होळीला छत नको, टाकी पाहिजे." मी त्याला पूर्ण गुण दिले.

वर्गात हा पाठ घ्यायचा तर जास्त साहित्य लागत नाही. एक फेरी, फलकाची नोंद, आणि ग्रामपंचायतीचा नमुना १, म्हणजे वर्षाचा अर्थसंकल्प. तो मागितला तर मिळतो, मिळायला हवा. गावाचा विकास आराखडा ई-ग्रामस्वराज या संकेतस्थळावर मोबाइलमध्येही दिसतो. मुलांनी त्यात आपल्या पाड्याचं नाव शोधावं. आमच्या मुलांना दोन वर्षांत एकदाच सापडलं, हातपंप दुरुस्तीपुढे. पालकांना विनंती एवढीच की त्या दिवशी मुलं घरी येऊन विचारतील, "ग्रामसभेला तुम्ही गेला होता का?" त्यांच्यावर चिडू नका.

शेवटी मुलांनी ग्रामसभेला अर्ज लिहिला. मी फक्त शुद्धलेखन तपासलं, तेही थोडंच. मागण्या दोन : सभागृहाला वीजमीटर, आणि संध्याकाळी सहा ते आठ अभ्यासासाठी किल्ली. २ ऑक्टोबरच्या ग्रामसभेत ग्रामसेवकांनी (आता पदाचं नाव ग्रामपंचायत अधिकारी झालंय) तो वाचून दाखवला. चारा कोणाचा, यावर बराच वेळ हशा झाला. शेवटी मागच्या बाकावरून एक आजी उठल्या आणि म्हणाल्या, "किल्ली माझ्याकडे द्या, मी घरीच असते." तसा ठराव झाला. चारा चौथ्या दिवशी हलला.

मीटर अजून बसलेला नाही. अर्जाची पोच मुलीच्या वहीत चिकटवलेली आहे. सध्या अकरा मुलं सौर कंदिलावर बसतात, आणि पावणेआठला आजी किल्ली वाजवत दारात येऊन उभ्या राहतात.