उतारवयातील आरोग्य विमा आणि रुग्णालयांचे जाळे

आजार वय पाहून येत नाही असे म्हटले जाते. पण साठीनंतर तो अधिक वेळा येतो आणि अधिक दिवस मुक्काम करतो, हेही तितकेच खरे आहे. त्याच सुमारास मनुष्याचे नियमित उत्पन्न थांबलेले असते. खर्च वाढण्याचा आणि मिळकत आटण्याचा काळ असा एकच ठरतो. या पेचातून सुटण्याचा एक मार्ग म्हणजे आरोग्य विमा. मात्र विमापत्र हाती असूनही रुग्णालयाच्या खिडकीपाशी अडलेली कुटुंबे कमी नाहीत. ती अडतात, कारण विम्याची रक्कम किती एवढेच त्यांनी पाहिलेले असते. तो विमा कोणत्या रुग्णालयात व कशा रीतीने चालतो, हे पाहिलेले नसते.

भारतात सर्वसामान्यांसाठी 'मेडिक्लेम' हा विमा 1986 मध्ये सुरू झाला. त्या काळी रुग्णाने प्रथम स्वतः बिल भरावयाचे आणि नंतर कागदपत्रे पाठवून विमा कंपनीकडून पैसे परत मिळवावयाचे, अशी पद्धत होती. हिला प्रतिपूर्ती म्हणतात. पुढे मध्यस्थ सेवा देणाऱ्या संस्थांसाठी 2001 मध्ये नियम झाले आणि 'कॅशलेस' म्हणजे रोखरहित उपचारांची पद्धत रुळली. विमा कंपनी काही रुग्णालयांशी करार करते, उपचारांचे दर आधीच ठरवून घेते आणि बिलाची देय रक्कम थेट रुग्णालयास देते. अशा करारबद्ध रुग्णालयांच्या समूहाला जाळे किंवा 'नेटवर्क' असे नाव आहे.

जाळ्याचा लाभ उघड आहे. ऐनवेळी दागिने गहाण टाकावे लागत नाहीत. परंतु जाळे कंपनीच्या मर्जीनुसार लहानमोठे होऊ शकते. 2010 च्या जुलै महिन्यात सरकारी विमा कंपन्यांनी मुंबई, दिल्ली, बंगळूर, चेन्नई या शहरांतील अनेक मोठ्या खासगी रुग्णालयांची रोखरहित सोय बंद केली आणि ठरावीक दर मान्य करणाऱ्या रुग्णालयांचे निराळे जाळे विणले. दरांविषयीची कंपन्यांची तक्रार निराधार नव्हती. तथापि कालपर्यंत जेथे आपले कार्ड चालत होते तेथे आज ते चालत नाही, हा अनुभव रुग्णांना आला तो उपचारांची गरज असतानाच.

अमेरिकेत हाच प्रश्न वेगळ्या रीतीने हाताळलेला दिसतो. तेथे 65 वर्षांवरील नागरिकांसाठी 'मेडिकेअर' ही शासकीय योजना 1965 च्या कायद्याने आली. तिच्या अंतर्गत खासगी कंपन्या ज्या योजना देतात, त्यांपैकी काहींत तातडीचे प्रसंग वगळता जाळ्यातीलच डॉक्टरांकडे जावे लागते. 'पीपीओ' नावाच्या योजनांत मात्र जाळ्याबाहेर जाण्याची मुभा असते, पण त्यासाठी रुग्णास स्वतःच्या खिशातून अधिक भर घालावी लागते. म्हणजे निवडीचे स्वातंत्र्य आहे, आणि त्याला किंमतही आहे.

जाळ्याबाहेर गेल्यास

भारतातील बहुतेक विमापत्रांत जाळ्याबाहेरील रुग्णालयातही विमा लागू असतो. फक्त तेथे प्रतिपूर्तीच्या मार्गाने जावे लागते. त्यासाठी डिस्चार्ज कार्ड, मूळ बिले, औषधांच्या पावत्या, तपासण्यांचे अहवाल आणि डॉक्टरांची चिठ्ठी जपून ठेवावी आणि विमापत्रात दिलेल्या मुदतीत दावा दाखल करावा. जाळ्याबाहेरील रुग्णालयाचे दर कंपनीने ठरविलेले नसल्यामुळे, त्या भागात अशा उपचाराला सामान्यतः जेवढा खर्च येतो तेवढाच ती वाजवी मानते. उरलेला भार रुग्णावर पडतो.

ही कोंडी सैल करण्यासाठी 25 जानेवारी 2024 रोजी जनरल इन्शुरन्स कौन्सिलने 'कॅशलेस एव्हरीव्हेअर' हा उपक्रम जाहीर केला. त्यानुसार जाळ्याबाहेरील रुग्णालयातही रोखरहित सोय मिळू शकते. मात्र ठरवून करावयाच्या शस्त्रक्रियेसाठी किमान 48 तास आधी, आणि तातडीच्या प्रसंगी दाखल झाल्यापासून 48 तासांच्या आत कंपनीला कळविणे आवश्यक असते. सोय मंजूर होईलच असे नाही. दावा विमापत्राच्या अटींत बसावा लागतो. बुलढाण्याला राहणाऱ्या आईवडिलांना मुलगा उपचारांसाठी सुरतेला किंवा इंदूरला नेतो, अशा कुटुंबांना हा बदल विशेष उपयोगी आहे. विमा नियामक प्राधिकरणाच्या मे 2024 च्या परिपत्रकानुसार रोखरहित उपचारांच्या विनंतीवर एका तासात, आणि घरी सोडतेवेळच्या अंतिम मंजुरीवर तीन तासांत निर्णय देणे कंपनीस बंधनकारक आहे. त्याहून उशीर झाल्यास रुग्णालयाने आकारलेला वाढीव खर्च कंपनीने सोसावयाचा आहे.

खोलीभाडे: एक उदाहरण

ज्येष्ठांच्या विमापत्रांत दोन अटी वारंवार आढळतात. एक, खोलीभाड्याची मर्यादा. दुसरी, 'को-पेमेंट', म्हणजे मान्य रकमेतील ठरावीक हिस्सा रुग्णाने भरण्याची अट. त्यांचा एकत्र परिणाम हिशेब मांडल्याशिवाय ध्यानात येत नाही.

समजा, एका निवृत्त शिक्षकाचा 3 लाख रुपयांचा विमा आहे. खोलीभाड्याची मर्यादा विमा रकमेच्या 1 टक्का, म्हणजे दिवसाला 3,000 रुपये, आणि को-पेमेंट 20 टक्के आहे. घरच्यांनी त्यांना मायेपोटी दिवसाला 5,000 रुपयांची स्वतंत्र खोली घेतली. चार दिवसांचे भाडे 20,000 रुपये, डॉक्टर व शस्त्रक्रियागृहाचे शुल्क 60,000 रुपये, आणि औषधे व तपासण्या 40,000 रुपये, असे एकूण बिल 1,20,000 रुपये झाले. जादा भाडे 8,000 रुपये, तेवढे आपण भरू, असा घरच्यांचा अंदाज होता.

प्रत्यक्षात तसे घडत नाही. कंपनी भाड्याचे 12,000 रुपये मान्य करते. खोली महाग तसे डॉक्टरांचे व शस्त्रक्रियेचे शुल्कही चढे, असे गृहीत धरून ती त्या 60,000 रुपयांनाही तीन-पंचमांश हेच प्रमाण लावते. म्हणजे 36,000 रुपये. औषधे व तपासण्यांना ही कपात लागू होत नाही, म्हणून 40,000 रुपये पूर्ण मान्य होतात. मान्य रक्कम झाली 88,000 रुपये. तीतून 20 टक्के, म्हणजे 17,600 रुपये, को-पेमेंटपोटी वजा होतात. कंपनी देते 70,400 रुपये आणि शिक्षकांच्या खिशातून जातात 49,600 रुपये. आठ हजारांच्या अंदाजाचे असे जवळजवळ पन्नास हजार होतात. विमापत्रातील ही एक ओळ बारीक अक्षरांत छापलेली असते, आणि चष्मा लावूनही ती वाचण्याचा कंटाळा केला जातो.

वय, हप्ता आणि शासकीय आधार

पूर्वी 65 वर्षांनंतर नवा विमा मिळणे दुर्घट होते. एप्रिल 2024 पासून लागू झालेल्या नियमांनी ही वयोमर्यादा दूर केली, आणि आधीपासून असलेल्या आजारांसाठीचा प्रतीक्षा काळ जास्तीत जास्त तीन वर्षांवर आणला. मधुमेह वा रक्तदाब लपवून विमा घेणे मात्र घातक ठरते. दाव्याच्या वेळी तीच गोष्ट नकाराचे कारण होते. जानेवारी 2025 मध्ये प्राधिकरणाने ज्येष्ठांचा हप्ता वर्षाला 10 टक्क्यांहून अधिक वाढविण्यापूर्वी आपल्याशी विचारविनिमय करण्याचे बंधन कंपन्यांवर घातले. 22 सप्टेंबर 2025 पासून वैयक्तिक आरोग्य विम्याच्या हप्त्यावरील 18 टक्के वस्तू व सेवा करही रद्द झाला.

ज्यांना हप्ता झेपतच नाही त्यांच्यासाठी आयुष्मान भारत योजनेचे वय वंदना कार्ड आहे. 29 ऑक्टोबर 2024 पासून 70 वर्षे पूर्ण केलेल्या कोणत्याही नागरिकास, उत्पन्न कितीही असो, ते आधारच्या साहाय्याने काढता येते. कुटुंबातील अशा ज्येष्ठांना मिळून वर्षाला 5 लाख रुपयांपर्यंतचे रुग्णालयीन उपचार मिळतात. हप्ता नाही आणि जुन्या आजारांसाठी प्रतीक्षाही नाही. खासगी विमा असला तरी कार्ड घेता येते. मर्यादा आहे ती जाळ्याचीच. उपचार योजनेशी संलग्न रुग्णालयातच घ्यावे लागतात. इतरत्र बिल भरून पैसे परत मागता येत नाहीत. म्हणून कार्ड काढतानाच आपल्या तालुक्यातील कोणते रुग्णालय संलग्न आहे, आणि तेथे हृदयाचे वा गुडघ्याचे उपचार होतात काय, याची चौकशी करणे श्रेयस्कर.

दावा अन्यायाने नाकारला गेला, तर प्रथम कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार करावी. तेथे समाधान न झाल्यास विमा लोकपालाकडे जाता येते. मुंबई व पुणे येथे त्यांची कार्यालये आहेत. या तक्रारीस शुल्क लागत नाही आणि वकिलाचीही गरज नसते.

स्वाध्याय

1. वरील उदाहरणात शिक्षकांनी दिवसाला 4,000 रुपयांची खोली घेतली असती आणि इतर शुल्क तेवढेच राहिले असते, तर त्यांना स्वतः किती रक्कम भरावी लागली असती?

2. आपल्या घरातील एखाद्या ज्येष्ठ व्यक्तीचे विमापत्र किंवा आरोग्य कार्ड पाहा. घरापासून सर्वांत जवळचे संलग्न रुग्णालय कोणते, ते शोधून लिहा.