अपघाताविना हजार दिवस, तरी भीती कशाची?

प्रश्न : आमचे गाव एमआयडीसीला लागून आहे. वाटेवरच्या एका रसायन कारखान्याच्या गेटवर ‘अपघातविरहित दिवस’ असा मोठा फलक आहे आणि त्यावरचा आकडा हजाराच्या पुढे गेला आहे. गावच्या बैठकीत कंपनीच्या अधिकाऱ्यांनी सांगितले, की मोठ्या दुर्घटनेची शक्यता दहा लाखांत एक आहे. तरी अधूनमधून भोंगा वाजतो, रात्री उंच नळीच्या टोकावर मोठी ज्वाळा दिसते, कधी उग्र वास येतो. आम्ही फलकावर विश्वास ठेवायचा की आमच्या नाकावर?

उत्तर : आधी फलकाचे पाहू. त्यावरचा आकडा बहुधा खराच असतो. पण तो सांगतो काय? तर इतक्या दिवसांत कोणीही कामगार जखमी होऊन घरी बसला नाही. घसरून पडणे, बोट चेंगरणे, शिडीवरून तोल जाणे अशा इजा त्यात मोजतात. त्या मोजायलाच हव्यात, कारण कामगाराच्या दृष्टीने त्या काही किरकोळ नसतात. तुमची भीती मात्र वेगळी आहे. टाकी फुटेल का, रिॲक्टरमधली क्रिया हाताबाहेर जाईल का, वायू गावाकडे येईल का, हे तुम्हाला जाणून घ्यायचे आहे. हेल्मेट, हातमोजे आणि सुरक्षा पट्टे यांनी पहिल्या प्रकारचे अपघात कमी होतात. दुसऱ्या प्रकारचे अपघात आतून गंजलेल्या पाइपमुळे, अडकलेल्या वॉल्व्हमुळे, चुकीचे तापमान दाखवणाऱ्या मापकामुळे होतात. भाजी चिरताना वर्षभरात घरात कोणाचे बोट कापले नाही, यावरून गॅसची रबरी नळी झिजली आहे की नाही हे कळत नाही, तसेच हे आहे.

ही गल्लत फक्त आपल्याकडेच होते असे नाही. अमेरिकेत टेक्सास सिटी येथे बीपी कंपनीची तेलशुद्धीकरणाची रिफायनरी होती. तिथे २३ मार्च २००५ रोजी दुरुस्तीनंतर एक युनिट पुन्हा सुरू करत होते. त्यातला टॉवर १७० फूट उंच होता, पण द्रवाची पातळी दाखवणारा मापक तळाच्या साधारण दहा फुटांपुरताच होता. टॉवर वरपर्यंत भरत चालला असताना मापक सांगत होता, की पातळी दहा फुटांच्या खाली आहे आणि हळूहळू उतरते आहे. जास्त पातळीची सूचना देणारा वेगळा अलार्म होता, तो वाजलाच नाही. रात्रपाळीने टॉवरमध्ये किती द्रव भरून ठेवला आहे, हे दिवसपाळीला नीट कळेल अशी नोंदही वहीत नव्हती. अखेर ज्वलनशील द्रव एका उघड्या उंच नळीतून उसळून बाहेर आला, त्याची वाफ जमिनीलगत पसरली आणि पेटली. १५ माणसे मरण पावली, सुमारे १८० जखमी झाली. मेलेले सगळे कंत्राटी कामगार होते, त्या युनिटजवळच उभ्या केलेल्या ट्रेलरमधल्या तात्पुरत्या कार्यालयांत आणि आसपास काम करणारे.

नंतर अमेरिकेचे माजी परराष्ट्रमंत्री जेम्स बेकर यांच्या अध्यक्षतेखाली एक समिती नेमली गेली. जानेवारी २००७ मधील तिच्या अहवालाचा मुख्य निष्कर्ष तुमच्या प्रश्नाला थेट लागू पडतो. कामगारांच्या इजा कमी झाल्या म्हणजे प्लँट सुरक्षित झाला, असे कंपनीच्या व्यवस्थापनाने धरून चालले होते. त्याच उघड्या नळीतून आधीच्या वर्षांत अनेकदा वाफ सुटली होती, पण त्यात कोणी जखमी झाले नव्हते. त्यामुळे आकड्यांच्या तक्त्यावर सारे ठीक दिसत होते.

फलकाचा आणखी एक तोटा आहे. आकड्याला बक्षीस जोडले, की आकडा तुटू नये म्हणून माणसे गोष्टी दडवू लागतात. जखमी कामगाराला खुर्चीवर बसवून हजेरी लावली जाते, छोटी गळती कपड्याने पुसून टाकली जाते आणि नोंदवहीत येत नाही. त्यामुळे ज्या कारखान्यात वर्षभरात एकही छोटी गळती, एकही ‘थोडक्यात वाचलो’ असा प्रसंग लिहिलेला नाही, तिथे मला जास्त काळजी वाटते. इतक्या पाइपांच्या आणि जोडांच्या जंजाळात काहीच घडत नाही, हे खरे असण्यापेक्षा कोणी लिहीत नाही, हेच खरे असण्याची शक्यता अधिक.

आता ‘दहा लाखांत एक’. हा आकडा कसा निघतो हे एकदा समजून घेतले, की त्याची ताकद आणि त्याची मर्यादा दोन्ही कळतात. समजा एखाद्या रिॲक्टरचे तापमान बेसुमार वाढण्याची वेळ दहा वर्षांतून एकदा येते. त्या वेळी अलार्म वाजतो आणि ऑपरेटर थंड पाणी सोडतो, पण दहा वेळांतून एकदा हे साधत नाही असे धरू. मग इंटरलॉक म्हणजे आपोआप पुरवठा बंद करणारी यंत्रणा असते, ती शंभरातून एकदा दगा देते. त्यानंतर दाब सोडणारा रिलीफ वॉल्व्ह, तोही शंभरातून एकदा. हे सगळे गुणले, की दहा लाख वर्षांतून एकदा असे उत्तर येते. हिशेब चुकीचा नाही. पण तो एका अटीवर उभा आहे : प्रत्येक अडसर आज, या घडीला, चालू आहे.

उत्पादन अडते म्हणून कोणी इंटरलॉक बायपास केला, तर दहा लाखांचे एकदम दहा हजार होतात. त्यातच रिलीफ वॉल्व्हची तपासणी राहिली आणि तोही जाम झाला असेल, तर शंभर. अलार्म आणि इंटरलॉक दोघांनाही तापमान सांगणारा मापक एकच असेल आणि तोच बिघडला, तर दोन अडसर एकाच वेळी जातात, कागदावर मात्र ते दोनच मोजलेले असतात. बैठकीत सांगितलेला आकडा कारखान्याचे डिझाइन झाले त्या दिवसाचा असतो. तुम्हाला हवा तो आजचा.

आकड्याबद्दलचा आणखी एक गैरसमज दूर करायला हवा. दहा हजार वर्षांतून एकदा म्हणजे अजून दहा हजार वर्षे अवकाश आहे, असा अर्थ नाही. ते उद्याही घडू शकते. आणि असे हजार प्लँट असतील, तर सरासरीने दर दहा वर्षांनी त्यांतल्या कुठे ना कुठे ते घडणारच.

अडसर एकेक करून निघून गेले की काय होते, हे आपल्या देशाने २ आणि ३ डिसेंबर १९८४ च्या मधल्या रात्री भोपाळमध्ये पाहिले. युनियन कार्बाइडच्या कारखान्यात मिथाइल आयसोसायनेटच्या टाकीत पाणी शिरले. त्या द्रवाला थंड ठेवणारी शीतयंत्रणा काही महिने आधीच बंद केली होती. वायू धुऊन निरुपद्रवी करणारा स्क्रबर त्या वेळी कामात नव्हता. वायू जाळून टाकणाऱ्या फ्लेअरकडे जाणाऱ्या पाइपचा एक तुकडा दुरुस्तीसाठी काढून ठेवला होता. पाण्याचा फवारा वायू सुटत होता त्या उंचीपर्यंत पोहोचला नाही. कागदावर चार अडसर होते, त्या रात्री एकही पुरा पडला नाही.

आणि पाचवा अडसर होता लोकांना सांगणे. छोट्या गळतींनी वस्ती घाबरू नये म्हणून बाहेर ऐकू जाणारा मोठा भोंगा कारखान्यातल्या भोंग्यापासून वेगळा केला होता. त्या रात्री तो थोडा वेळ वाजवून बंद करण्यात आला. शेजारच्या वस्तीला कोणता वायू आहे, कुठल्या बाजूला जायचे, काय करायचे, हे कधीच कोणी सांगितले नव्हते. माणसे झोपेतून उठून धावली, धावताना जास्त श्वास घेतला, अनेक जण वाऱ्याच्या दिशेनेच धावले. हा वायू पाण्याशी क्रिया पावतो. ओले फडके नाकातोंडावर धरा एवढी एक सूचना आधीपासून माहीत असती, तरी कितीतरी जीव वाचले असते. ‘लोकांना सांगितले तर ते घाबरतील’ हे वाक्य आजही बैठकांत ऐकू येते. भोपाळची माणसे काही माहीत नसल्यामुळे मेली, हे त्याचे उत्तर आहे.

तुमच्या ज्वाळेबद्दल थोडक्यात. नळीच्या टोकावरची ज्वाळा म्हणजे फ्लेअर. जास्तीचा ज्वलनशील वायू तसाच हवेत न सोडता तिथे जाळतात, तेव्हा ती पेटलेली दिसणे म्हणजे सुरक्षायंत्रणा काम करते आहे. वारंवार आणि फार मोठी पेटत असेल, तर आत काही तरी सारखे बिघडते आहे, हे विचारायला हरकत नाही.

नाकावर मात्र पूर्ण भरवसा नको. अमोनियाचा वास धोक्याच्या कितीतरी खालच्या प्रमाणातही झोंबतो. उलट हायड्रोजन सल्फाइडचा सडक्या अंड्यासारखा वास प्रमाण वाढले की येईनासा होतो, कारण तो वायू घ्राणशक्तीच बधिर करतो. वास गेला म्हणजे वायू गेला असे समजून बाहेर पडलेला माणूस फसतो. कार्बन मोनॉक्साइडला तर वासच नाही. वास आला तर कळवा जरूर, वेळ लिहून ठेवा, पण वास नाही म्हणून निर्धास्त राहू नका.

राहिला प्रश्न विचारायचा कोणाला आणि काय. भोपाळनंतर कायद्याने तुम्हाला हा हक्क दिला आहे. १९८७ च्या दुरुस्तीने कारखाना कायद्यात धोक्याची माहिती कामगारांना आणि परिसरातल्या जनतेला देणे मालकावर बंधनकारक झाले. धोकादायक रसायनांचा मोठा साठा असलेल्या कारखान्यांसाठी १९८९ चे नियम आहेत. त्यांनुसार, दुर्घटना झाल्यास ज्यांना झळ पोहोचेल त्या बाहेरच्या लोकांना धोका कोणता आणि काय करावे, काय करू नये, हे कळवावे लागते. कारखान्याच्या आवारातली मॉक ड्रिल दर सहा महिन्यांनी घ्यायची असते, बाहेरच्या परिसराच्या आराखड्याची वर्षातून किमान एकदा. १९९६ च्या नियमांनुसार औद्योगिक क्षेत्रात स्थानिक आपत्ती गट असतो. त्याच्या प्रमुखपदी उपविभागीय दंडाधिकारी म्हणजे प्रांत असतात आणि त्यात सरपंच, डॉक्टर, स्थानिक वृत्तपत्राचे संपादक यांनाही जागा आहे. या गटाने दर महिन्याला भेटायचे असते. तुमच्या सरपंचांना विचारा, शेवटची बैठक कधी झाली.

कंपनीला ‘सुरक्षित आहे ना?’ असे विचारू नका, कारण त्याला ‘हो’ याखेरीज उत्तर येत नाही. असे विचारा : आमच्यापर्यंत पोहोचू शकेल असे सर्वांत घातक रसायन कोणते आणि ते किती साठवता? वायू किती दूर येऊ शकतो? रिलीफ वॉल्व्हच्या किती तपासण्या थकल्या आहेत? आज किती इंटरलॉक बायपास केलेले आहेत आणि त्यांना परवानगी कोणी दिली? गेल्या वर्षी किती छोट्या गळती नोंदल्या आणि त्यानंतर काय बदलले? कंत्राटी कामगारांना या सूचना त्यांच्या भाषेत सांगता का? त्यांतले बरेच जण मराठी वाचत नसतील. चांगला सेफ्टी ऑफिसर या प्रश्नांनी चिडत नाही. वरिष्ठांकडून दुरुस्तीचा खर्च मंजूर करून घ्यायला त्याला तुमच्या प्रश्नांची मदतच होते.

भोंग्याचा अर्थ तर आजच विचारून घ्या. लांबलचक एकसारखा आवाज, चढउताराचा आवाज, धोका टळल्याचा आवाज, यांच्या खुणा सगळ्या कारखान्यांत सारख्या नसतात. चाचणीचा वार आणि वेळ ठरलेली असते, ती सोडून भोंगा वाजला तर तो खरा माना. सर्वसाधारण नियम असा, की घराच्या आत जा, दारे-खिडक्या लावा, पंखे आणि एसी बंद करा, ओले फडके जवळ ठेवा. बाहेर असाल तर कारखान्यावरची वारा दाखवणारी कापडी नळी कुठे झुकली आहे ते पाहा आणि वाऱ्याला आडवे निघा. क्लोरीनसारखा हवेपेक्षा जड वायू असेल, तर सखल जागेत किंवा तळघरात थांबू नका. तुमच्या कारखान्यातल्या रसायनाला यांतले नेमके काय लागू, ते कंपनीने लेखी द्यायला हवे.

तेव्हा पुढच्या ग्रामसभेत ‘भोंगा वाजला तर आपण काय करायचे’ हा एक विषय घ्या. कंपनीच्या आणि औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाच्या अधिकाऱ्यांना बोलवा आणि उत्तर सोप्या मराठीत, एका पानावर लिहून मागा. ते पान अंगणवाडीत, शाळेत आणि प्रत्येक घराच्या दारामागे लागेपर्यंत पाठपुरावा सोडू नका.