पहिली ध्वनिमुद्रिका

प्रस्तावना

पहिली शाळा, पहिली कमाई, पहिला दूरचा प्रवास या गोष्टी माणसाच्या स्मरणात राहतात. स्वतःच्या पैशांनी विकत घेतलेली गाण्यांची पहिली तबकडी किंवा पहिली कॅसेटही पुष्कळांना अशीच आठवते. पुढे कितीतरी गाणी कानांवरून गेली, तरी त्या पहिल्या खरेदीची आठवण पुसली जात नाही. असे का होते, याचा विचार प्रस्तुत पाठात केला आहे.

उद्दिष्टे

या पाठाच्या अध्ययनानंतर तुम्हांला पुढील गोष्टी करता येतील :
• भारतातील ध्वनिमुद्रणाच्या वाटचालीतील प्रमुख टप्पे सांगणे;
• ध्वनिमुद्रणामुळे श्रोत्याच्या जीवनात झालेला बदल स्पष्ट करणे;
• स्वतःची आठवण तपशीलवार लिहिणे.

मूळ पाठ

ध्वनिमुद्रणाचा शोध लागण्यापूर्वी गाणे ऐकायचे तर गाणाऱ्याच्या समोर बसावे लागे. जात्यावरची ओवी, देवळातील कीर्तन, जत्रेतील तमाशा ही लोकांची हक्काची ठिकाणे होती. संस्थानिकांच्या दरबारातील आणि धनिकांच्या दिवाणखान्यातील मैफल मात्र सामान्य माणसाला बंद होती. स्त्रियांना तर घराचा उंबरठा ओलांडून गाणे ऐकायला जाणे अधिकच अवघड होते. कोणते गाणे ऐकायचे, हे श्रोत्याच्या इच्छेपेक्षा त्याच्या परिस्थितीवर अवलंबून असे.

1877 मध्ये एडिसनने आवाज साठवणारे यंत्र तयार केले. 1887 मध्ये बर्लिनर याने सपाट तबकडीवर ध्वनी उमटवण्याची पद्धत शोधली. 1902 मध्ये ग्रामोफोन कंपनीचे तंत्रज्ञ कोलकात्यात आले आणि त्यांनी गौहरजान या नामवंत गायिकेचा आवाज मुद्रित केला. तबकड्या जर्मनीतील हॅनोव्हर येथे तयार होत. कोणाचे गाणे आहे हे तेथील कारागिरांना कळावे, म्हणून गौहरजान गाण्याच्या शेवटी आपले नाव इंग्रजीत उच्चारत असे. ती तबकडी ऐकणाऱ्याला गाण्याबरोबर गायिकेचे नाव तिच्याच तोंडून ऐकू येई.

त्या काळातील तबकडी मिनिटाला सुमारे 78 फेरे घेई. तिच्या एका बाजूवर तीन-साडेतीन मिनिटांचेच गाणे मावे. तासभर रंगणारा राग असो किंवा ‘वन्स मोअर’ घेत लांबत जाणारे नाट्यपद असो, गायकाला त्याचे सार तेवढ्यात मांडावे लागे. या तबकड्यांसाठी लाख वापरली जाई आणि ती मुख्यतः भारतातूनच जाई. तबकडी हातून निसटली तर फुटे. वारंवार वाजवली तर सुईने झिजे. अनेक तबकड्या एकत्र ठेवण्यासाठी पाकिटांची बांधीव वही मिळे. तिला ‘अल्बम’ म्हणत. पुढे 1948 मध्ये एका बाजूवर वीस मिनिटांहून अधिक गाणी मावणारी ‘लाँग प्ले’ तबकडी आली. वहीची गरज उरली नाही, पण गाण्यांच्या संचाला ‘अल्बम’ हे नाव चिकटून राहिले.

अशी तबकडी विकत घेणे ही साध्या घरात लहान गोष्ट नव्हती. हाती पैसे मोजकेच असत. दुकानात शंभर गाणी असली, तरी त्यांतील एकच घरी नेता येई. म्हणून गिऱ्हाईक विचार करी, शेजाऱ्यांकडे किंवा हॉटेलात ऐकलेले गाणे आठवून पाही आणि मग निवड करी. धान्य, कपडे, औषध या खरेदीत गरज बोलते. गाण्याच्या खरेदीत माणसाची आवड बोलते. ‘मला हे आवडते’ असे त्याने पैसे मोजून सांगितलेले असते. पहिल्या ध्वनिमुद्रिकेची आठवण टिकते ती या निवडीमुळे.

दुसरे कारण पुनरावृत्तीचे. घरात एकच तबकडी असली की तीच पुन्हा पुन्हा लागे. चावी देणे, सुई बदलणे, तबकडी उलटणे या कामांवर घरातील मुले हक्क सांगत. ज्या गाण्यासाठी तबकडी घेतली ते एका बाजूला असे. दुसऱ्या बाजूचे गाणे नकळत ओळखीचे होई आणि कधीकधी तेच अधिक आवडू लागे. शेजारीपाजारीही ऐकायला येत. एका घराची खरेदी साऱ्या वाड्याची किंवा चाळीची होऊन जाई.

साडेतीन मिनिटांच्या या मर्यादित जागेत किती मोठे काम झाले, याचे उदाहरण केसरबाई केरकर यांचे आहे. गोव्यातील केरी गावच्या केसरबाईंनी अल्लादियाखाँ यांच्याकडे कठोर साधना केली. त्यांनी गायिलेली भैरवी रागातील एक छोटी रचना 1977 मध्ये अमेरिकेच्या ‘व्हॉयेजर’ यानांवरील सुवर्ण तबकडीत समाविष्ट झाली. दोन्ही याने आता सूर्यमालेतील ग्रह मागे टाकून पुढे गेली आहेत. दरबारातील निवडक श्रोत्यांपुरता राहू शकला असता, असा हा आवाज तबकडीमुळे घराघरांत गेला आणि अंतराळातही पोहोचला.

1963 मध्ये फिलिप्स कंपनीने छोटी कॅसेट तयार केली. भारतात 1980 नंतरच्या दशकात ती झपाट्याने पसरली. कॅसेट तबकडीपेक्षा स्वस्त होती, सहज फुटत नव्हती आणि तिचे ध्वनिमुद्रण लहान गावातही करता येत होते. त्यामुळे मोठ्या कंपन्यांच्या बरोबरीने लहान उत्पादकही पुढे आले. लावणी, पोवाडा, कोळीगीते, गोव्यातील तियात्राची गाणी यांच्या कॅसेटी बाजारात आल्या. प्रल्हाद शिंदे यांच्या खड्या आवाजातील विठ्ठलगीते आणि भीमगीते वस्त्यावस्त्यांत वाजू लागली. मजुरीच्या पैशांतून पहिली कॅसेट घेणाऱ्या अनेकांना तिच्यात आपल्याच माणसांची भाषा आणि आपलेच जगणे ऐकू आले. पूर्वी गाणे विकत घेणे काहींनाच शक्य होते. आता आपल्या मनाचे गाणे घरी आणणे बहुतेकांना शक्य झाले.

इंदूर, वडोदरा, हैदराबाद अशा ठिकाणी पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्या मराठी कुटुंबांसाठी कॅसेटीला आणखी एक अर्थ होता. ग. दि. माडगूळकर यांनी लिहिलेले आणि सुधीर फडके यांनी संगीत दिलेले ‘गीतरामायण’ 1955-56 मध्ये पुणे आकाशवाणीवरून प्रसारित झाले. तेव्हा ते ठरलेल्या वेळी, रेडिओचा आवाज पोहोचेल तेथेच ऐकता येई. पुढे तबकडी आणि कॅसेट निघाल्यावर ते प्रवासाच्या सामानातून कोठेही जाऊ लागले. शाळेत मराठी न शिकलेल्या मुलांच्या कानांवर मराठी शब्द पडत राहिले, त्यात अशा कॅसेटींचा वाटा होता.

आज भ्रमणध्वनीवर असंख्य गाणी क्षणात मिळतात. ही मोठीच सोय आहे. परंतु तबकडीच्या वेष्टनावर लिहिलेले नाव, भेट देणाऱ्याची सही, गुंडाळा झालेली फीत पेन्सिलीने सावकाश फिरवणारे हात हे सारे त्या वस्तूबरोबर जोडलेले होते. जुन्या कॅसेटीची फीत खराब होते, तबकडी रद्दीत जाते. मग तिच्याभोवतीची माणसेही विस्मरणात जातात. म्हणून कोणते गाणे, कोणत्या वर्षी, किती पैसे साठवून आणि कोणासाठी घेतले, हे लिहून ठेवायला हवे. सामान्य माणसाच्या आवडीचा इतिहास असाच, एकेका घराच्या आठवणीतून उभा राहतो.

भाषाविचार

‘ध्वनी’ आणि ‘मुद्रिका’ या दोन शब्दांपासून ‘ध्वनिमुद्रिका’ हा सामासिक शब्द तयार झाला आहे. ‘मुद्रा’ म्हणजे ठसा. आवाजाचा ठसा जिच्यावर उमटला आहे ती ध्वनिमुद्रिका. मूळ शब्द ‘ध्वनी’ दीर्घान्त लिहिला, तरी समासात तो ऱ्हस्व होतो, हे लक्षात ठेवा. याच रीतीने ‘ध्वनिफीत’ आणि ‘ध्वनिक्षेपक’ हे शब्द पाहा.

पाठगत प्रश्न

1. गौहरजान गाण्याच्या शेवटी स्वतःचे नाव का उच्चारत असे?
2. ‘अल्बम’ हा शब्द पूर्वी कशासाठी वापरला जाई?
3. कॅसेटीमुळे लहान उत्पादकांना कोणती संधी मिळाली?
4. रिकाम्या जागा भरा : धान्याच्या खरेदीत ______ बोलते; गाण्याच्या खरेदीत ______ बोलते.

तुम्ही काय शिकलात?

• ध्वनिमुद्रणामुळे गाणे मैफलीबाहेर पडून सामान्य घरांत आले.
• पहिली ध्वनिमुद्रिका निवडीमुळे आणि वारंवार ऐकण्यामुळे स्मरणात राहते.
• कॅसेटीमुळे लोकगीतांना आणि वस्तीवस्तीतील आवाजांना व्यापक श्रोता मिळाला.

स्वाध्याय

1. ‘एका घराची खरेदी साऱ्या चाळीची होऊन जाई’ या विधानाचा अर्थ तुमच्या शब्दांत स्पष्ट करा.
2. घरातील किंवा शेजारच्या वडीलधाऱ्या व्यक्तीला तिने घेतलेल्या पहिल्या तबकडीविषयी किंवा कॅसेटीविषयी विचारा. गाणे, वर्ष, किंमत आणि सोबतची माणसे यांची नोंद करून दहा ओळी लिहा.
3. तुमच्या घरी कधीही तबकडी किंवा कॅसेट आली नसेल, तर पहिल्यांदा मनापासून आवडलेले गाणे तुम्ही कोठे आणि कोणाबरोबर ऐकले, ते लिहा.