खोली द्या, जमिनीत हक्क देऊ नका

प्रश्न : आम्ही कोकणा समाजाचे. हरसूलला रस्त्यालगत, आमच्या सातबाऱ्यावरच्या जागेत घर बांधले आहे. पुढची खोली पहिल्यांदाच भाड्याने देतोय. एक शिक्षक 11 महिन्यांसाठी राहायला मागतात. दुसरे बाहेरगावचे बिगर आदिवासी व्यापारी आहेत. त्यांना दुकानासाठी 10 वर्षांचा करार हवा आहे. 3 लाख अनामत देतात, भाडे नावापुरते. "स्टॅम्पवर नोटरी करून टाकू," म्हणतात. कुणाला द्यावी?
— एक वाचक, हरसूल

उत्तर : शिक्षकांना द्या. त्या 3 लाखांना हात लावू नका.

महाराष्ट्र जमीन महसूल संहितेत 1974 साली कलम 36-अ आले, ते अशाच व्यवहारांसाठी. आदिवासीची जमीन विक्री, बक्षीस, अदलाबदल, गहाण, पट्टा अशा कुठल्याही वाटेने बिगर आदिवासीकडे जायची असेल, तर आधी परवानगी लागते. 5 वर्षांपर्यंतच्या पट्ट्याला किंवा गहाणाला जिल्हाधिकाऱ्यांची. त्यापुढे शासनाची पूर्वमान्यताही. अर्जही घेणाऱ्यानेच करायचा असतो. नोटरीच्या शिक्क्याने ही परवानगी मिळत नाही. शिवाय एक वर्षाहून जास्त मुदतीचा पट्टा नोंदणीकृतच असावा लागतो.

मोठी अनामत आणि नावापुरते भाडे, हा व्यवहार गहाणाच्या फार जवळ जातो. खोली परत हवी असेल त्या दिवशी 3 लाख हातात लागतील. दवाखान्यात, लग्नात पैसे कधीच खर्च झालेले असतात. मग मुदत वाढते, पत्र्याची शेड वाढते आणि जागा आपली असून आपली राहत नाही. म्हणूनच इतक्या आग्रहाने नको म्हणतोय.

शिक्षकांशी 'लिव्ह अँड लायसन्स' करार करा. 1882 च्या सुविधाधिकार कायद्यानुसार परवानाधारकाला फक्त वापराची मुभा मिळते, जागेत हक्क निर्माण होत नाही. पण नुसते शीर्षक पुरत नाही. न्यायालय करारातला मजकूर आणि पक्षांचा हेतू पाहते, हे सर्वोच्च न्यायालयाने 1959 मध्येच सांगितले आहे. म्हणून 'भाडेपट्टा', 'कब्जा दिला' असे शब्द येऊ देऊ नका. वापर राहण्यापुरता, पोटभाडेकरू नाही, बांधकाम नाही, हे स्पष्ट लिहा.

करार दुय्यम निबंधकांकडे नोंदवा. आधारच्या आधारे ऑनलाइनही होतो. मुद्रांक शुल्क मुदतीतल्या एकूण भाड्यावर आणि अनामतीच्या वार्षिक 10 टक्क्यांवर मिळून 0.25 टक्के, म्हणजे किरकोळच. भाडे नियंत्रण कायदा 1999 लागू असलेल्या भागांत नोंदणीची जबाबदारी मालकावरच आहे. ती न केल्यास वाद झाला की अटींबाबत भाडेकरूचे म्हणणे ग्राह्य धरतात, जोवर तुम्ही उलट सिद्ध करत नाही.

अनामत दोन-तीन महिन्यांच्या भाड्याइतकीच, तीही बँकेतून घ्या. चावी देताना मीटरचे रीडिंग करारात लिहा आणि भाडेकरूची माहिती हरसूल पोलीस ठाण्यात द्या. ग्रामपंचायतीची घरपट्टी तुमच्याच नावाने भरत राहा. सातबाऱ्यावर भाऊ-बहिणींची नावे असतील, तर सहीपूर्वी त्यांची लेखी संमती घ्या.