मूत्राशयाचे वेळापत्रक

झाडावरून किंवा विहिरीत पडणे आणि वाहनाचा अपघात ही ग्रामीण भागात मज्जारज्जूला इजा होण्याची नेहमीची कारणे होत. १ मे १९९९ रोजी परभणीतून वेगळा झालेला, शेतीवर जगणारा हिंगोली जिल्हा त्यास अपवाद नाही. अशा इजेनंतर पाय निकामी झालेले सर्वांना दिसतात. मूत्राशयावरील ताबाही गेलेला असतो, त्याची मात्र गावात वाच्यता होत नाही. मूत्र तुंबते, त्यात जंतू वाढतात आणि हळूहळू मूत्रपिंडे खराब होतात. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत अशा रुग्णांच्या मृत्यूचे ते एक प्रमुख कारण होते.

यावरील उपाय साधा आहे. रुग्णाने दिवसातून चार ते सहा वेळा स्वतःच मूत्रमार्गातून बारीक नळी, म्हणजे कॅथेटर, आत सरकवून मूत्राशय रिकामे करावयाचे आणि नळी लगेच काढून घ्यावयाची. पूर्वी हे काम निर्जंतुक हातमोजे घालून रुग्णालयातच करीत. अमेरिकेतील मिशिगन विद्यापीठाचे डॉ. जॅक लॅपिडिस यांनी १९७२ मध्ये असे दाखवून दिले की, साबणाने धुतलेले हात व स्वच्छ नळी एवढ्यावरही हे काम घरी भागते. त्यांचे म्हणणे असे की, मूत्राशय फार ताणले गेले म्हणजे त्याच्या भिंतीचा रक्तपुरवठा कमी होतो व जंतूंना तोंड देण्याची तिची शक्ती घटते. म्हणून एखादी वेळ चुकविणे हे अधिक घातक. एका वेळी निघणारे मूत्र ४०० ते ५०० मिलिलिटरच्या वर जाऊ नये. मापाचे भांडे व टिपणवही जवळ असली की हे कळते.

वारंवार संसर्ग, म्हणजे सहा महिन्यांत दोनदा किंवा वर्षात तीनदा, होऊ लागल्यास कारण शोधलेच पाहिजे. बहुधा ते दिनक्रमात सापडते. लग्नाला किंवा बाजाराला जावयाचे म्हणून रुग्ण पाणी पिणे सोडतो, नळीची वेळ टाळतो. मराठवाड्याच्या उन्हाळ्यात त्याचा परिणाम लवकर दिसतो. बद्धकोष्ठ, हात न धुणे आणि एकदाच वापरावयाची नळी पुन्हा पुन्हा वापरणे हीही कारणे असतात. नव्या नळ्या परवडत नाहीत ही अडचण खरी आहे. नळी पुन्हा वापरणे भागच असेल तर किती वेळा व कशी धुऊन वाळवून, हे डॉक्टरांकडून समजून घ्यावे. दिनक्रम सुधारूनही संसर्ग थांबला नाही तर मूतखडा किंवा मागे उरणारे मूत्र यांसाठी सोनोग्राफी करावी लागते.

येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. नळी वापरणाऱ्याच्या मूत्रात जंतू जवळजवळ नेहमीच सापडतात. ताप, थंडी, पायांचे आखडणे वाढणे, मध्येच गळती, रक्त अशी लक्षणे नसतील तर केवळ तपासणीच्या अहवालावरून प्रतिजैविके घेऊ नयेत. तशाने औषधांना न जुमानणारे जंतू मात्र तयार होतात. लक्षणे असल्यास औषध सुरू करण्यापूर्वी नव्या नळीने घेतलेल्या मूत्राची कल्चर तपासणी करावी. थंडी वाजून ताप आला, किंवा छातीच्या वरच्या भागात मज्जारज्जूस इजा असलेल्यास अचानक तीव्र डोकेदुखी व घाम सुटला, तर विनाविलंब रुग्णालय गाठावे. दुसऱ्या प्रकारात रक्तदाब धोकादायक वाढलेला असू शकतो. नळी घालून मूत्राशय तत्काळ रिकामे करणे हा त्यावरील पहिला उपाय होय.

शिक्षकांचा संबंध येतो तो जन्मतःच कण्याचा दोष असलेल्या मुलांमुळे. २०१३ पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या तपासणीत हा दोष समाविष्ट आहे. अशा मुलाला शाळेच्या वेळेत एकदा तरी नळी लावावी लागते. कडी असलेले दार, वाहते पाणी, साबण आणि वर्ग सोडून जाण्याची न विचारता मिळणारी मुभा, एवढेच त्याला हवे असते. मुलीची शाळा सुटते ती बहुधा यांतील एखादी गोष्ट नसल्यामुळे. २०१६ च्या दिव्यांग हक्क अधिनियमाने शाळेची इमारत व सोयी अशा मुलांना वापरता येतील अशा ठेवणे बंधनकारक केले आहे. ग्रामपंचायतीने स्वउत्पन्नातील जो हिस्सा दिव्यांगांसाठी राखावयाचा असतो, त्याच्या खर्चाचा विचार करताना तीनचाकीबरोबर नळ्या, साबण व शौचालयाचा रुंद दरवाजा यांचीही मागणी सदस्यांनी पुढे ठेवावी. रुग्ण स्वतः ती ग्रामसभेत उभी करील, अशी अपेक्षा धरता येत नाही.