त्रिवार आज्ञा

गेल्या सत्रात नल्लकुंट्यातील आमच्या संगणककक्षात मुलांनी हिताचीच्या एचडी४४७८० चिपवर चालणारा दोन ओळींचा एलसीडी पडदा जोडला. सकाळी अक्षरे नीट उमटत. मध्येच संगणक पुन्हा सुरू केला की कधी कधी निरर्थक चिन्हे!

कार्यप्रणाली व उपकरण यांमधील दुभाष्या म्हणजे ड्रायव्हर. घरी कोकणी, वर्गात मराठी, बाजारात तेलुगू बोलणाऱ्या आम्हांस त्याची महती कोणी सांगावी? मुलांच्या दुभाष्याने मात्र उपकरण नुकतेच जागे झाले असे गृहीत धरले होते. वस्तुतः पडद्याची वीज चालूच होती. चार तारांवरून प्रत्येक आज्ञा दोन भागांत जाते. एकच भाग पोचला, तर चिप दुसऱ्याची वाट पाहत बसते आणि पुढचे सारे चुकत जाते.

उपाय उत्पादकाच्या पत्रकातच आहे. वीज मिळाल्यावर १५ मिलिसेकंदांहून अधिक थांबून ‘आठ तारांवर ये’ ही आज्ञा द्यावी, ४.१ मिलिसेकंदांहून अधिक थांबून पुन्हा, १०० मायक्रोसेकंदांहून अधिक थांबून तिसऱ्यांदा. पहिली कदाचित अडकलेला भाग पुरा करण्यात खर्ची पडते. उरलेल्या दोन मिळून चिपला ठाऊक अवस्थेत आणतात. मगच ‘चार तारा’ सांगावे. लिनक्सच्या ड्रायव्हरमध्येही ही त्रिवार आज्ञा आढळते.

मुलांनी ती घातली. शाळेचे नाव उमटले, पण रोमन लिपीत. त्या चिपच्या अक्षरसंचात देवनागरी नाही.